ऑल-व्हील ड्राइव्हची फास्ट गाडी वळणावर कशी चालवायची

चारही चाकांना पॉवर म्हणजे गाडी वळणात जास्त चिकटते, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. ब्रेक मारताना आणि वळणात शिरताना सगळा खेळ टायरचा असतो, तिथे हे एडब्ल्यूडी (ऑल-व्हील ड्राइव्ह) काही मदत करत नाही, उलट जास्तीचा शाफ्ट, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना पॉवर वाटणारा गिअरचा भाग) वगैरेचं वजन ओढावं लागतं. खरा फायदा वळणातून बाहेर पडताना.

त्यामुळे सरळ रस्त्यावरच बहुतेक ब्रेक उरकून घ्या, वाटतं त्यापेक्षा जरा हळू आत शिरा, उरलेला ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडा म्हणजे पुढच्या टायरवर भार राहतो आणि गाडीचं नाक वळतं. वळणाचा आतला काठ थोडा उशिरा गाठा आणि स्टीअरिंग सरळ व्हायला लागलं की मग बिनधास्त थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) द्या. घाई करून आधीच दाबलात तर पुढचे टायर वळायचं आणि ओढायचं अशी दोन्ही कामं एकदम करू शकत नाहीत, गाडी बाहेर पळते, यालाच अंडरस्टीअर म्हणतात. अशा वेळी बहुतेक जण स्टीअरिंग अजून पिळतात, ते करू नका, थ्रॉटल थोडा कमी करा, नाक परत येतं.

पण सिस्टिम कुठली आहे ते आधी बघा हं. आडवं इंजिन आणि मागच्या अ‍ॅक्सलपाशी मागच्या चाकांना गरजेपुरती पॉवर जोडणारा एकच क्लच असेल तर गाडी मुळात फ्रंट-व्हील ड्राइव्हच, म्हणजे पुढच्या चाकांनी ओढणारी, वर सांगितलेलं तिला तंतोतंत लागू. १९८९ची निसान आर३२ जीटी-आर याच्या उलट, मुळात रिअर-व्हील ड्राइव्ह, मागची चाकं घसरायला लागली की पुढे जास्तीत जास्त निम्मा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) जातो, म्हणजे थ्रॉटलने शेपूट हलवता येते. आणि २०१६ची फोर्ड फोकस आरएस तर वेगळंच प्रकरण, मागे दोन क्लच, ७० टक्क्यांपर्यंत टॉर्क मागे आणि तो सगळाच्या सगळा एकाच चाकाला देता येतो, बाहेरच्या चाकाने ढकललं की गाडी थ्रॉटलवरच आत वळते. इथे पाय उचललात तर मजाही गेली आणि वळणही. मला विचाराल तर हीच जात सगळ्यात भारी. बीएमडब्ल्यू एफ९० एम५मध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी सिस्टिम) बंद करून टूडब्ल्यूडी मोड, म्हणजे फक्त मागच्या चाकांना पॉवर, लावता येतो, पण तो फक्त ट्रॅकवर, रस्त्यावर नको.

आणि टायर बदलताना चारही एकदम, कंपनीने दिलेल्याच साइजचे, नाहीतर घेरातल्या फरकाने पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा क्लच सतत घासत तापत राहतो.