'फी'चा 'री' करताना: आईला बीएल मालिका मराठीत कशी सांगावी

आमच्या बेळगावच्या शहापुरात रात्री माग थांबले की गल्ली शांत होते. मी फॉल-पिकोच्या मशीनवर कापड टाकते, फोन टीव्हीला जोडते आणि आईला हाक मारते. आईनं वडगावात उभा जन्म कांड्या भरल्या. मराठी वाचते, कानडी फाडफाड बोलते, इंग्रजीशी मात्र तिचा कधी संबंध आला नाही. आणि मला आवडणाऱ्या थाई, जपानी मालिकांखाली येतात ती अक्षरं इंग्रजीच. म्हणून गेली दोन वर्षं मी शेजारी बसून प्रत्येक भाग तोंडी मराठीत सांगते. बीएल, म्हणजे बॉईज लव्ह, दोन पुरुषांच्या प्रेमाच्या मालिका. ज्यांना त्या घरातल्या इंग्रजी न येणाऱ्या माणसाला दाखवायच्या आहेत, त्यांनी काय करावं ते सांगते.

पहिली गोष्ट, खोटं सांगून सुरुवात करू नका. मी केली होती. जपानची 'किनो नानी ताबेता', म्हणजे 'काल काय खाल्लंस', ही 2019 ची 12 भागांची मालिका लावली आणि आईला म्हटलं, दोन दोस्त एका घरात राहतात. शिरो वकील, केंजी केस कापणारा, दोघंही चाळिशी ओलांडलेले. दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "दोस्त असं बघत न्हाईत गं. तू मला काय सांगालीस?" मला फार वाईट वाटलं. ज्या गोष्टीवर माझं एवढं प्रेम, तीच मी लपवली होती. तेव्हापासून कुठलीही मालिका लावण्याआधी एका वाक्यात सांगून टाकते: ह्या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, ते कसं जमतं ते बघायचं.

तरी सुरुवात ह्याच मालिकेनं करा असं मी सांगेन. कॉलेजची पोरं, इंजिनिअरिंगचे सीनियर-ज्युनियर हे वयस्क माणसाला पहिल्या दिवशी परकं वाटतं. शिरो मात्र बाजारात भाव बघून भाजी घेतो, महिन्याचा खर्च ठरवून चालतो, घरी येऊन रांधतो. अख्खं कलिंगड दोघांना जास्त होतं म्हणून तो दुकानात भेटलेल्या अनोळखी बाईबरोबर अर्धं-अर्धं वाटून घेतो, आणि पुढे त्या घराशी त्याची कायमची ओळख होते. आईला तो कलिंगडाचा प्रसंग दोनदा बघायचा होता. "ह्यातली बायको कोण?" हा प्रश्न येणारच, तयार राहा. मी म्हटलं, कोणीच नाही, एकाला रांधायला आवडतं, एकाला खायला. आई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "माझी रातपाळी असली की तुझे बाबा पण भात टाकायचे." तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

भाग आधी स्वतः एकदा बघून घ्या. ऐकत, वाचत आणि बोलत एकाच वेळी नीट सांगता येत नाही. वाक्य अर्ध्यावर सुटतं आणि ऐकणाऱ्याचा धागा तुटतो. मी दुकानातल्या मापाच्या वहीत मागच्या बाजूला लिहून ठेवते. सगळे संवाद नाही. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, एवढंच.

कारण सगळा जीव त्या हाकेत असतो. इंग्रजी अक्षरांत सगळ्यांना एकच 'यू'. थाई पोरं दोस्तीत एकमेकांना 'मुंग' म्हणतात आणि स्वतःला 'कू'. मोठ्यांसमोर हे शब्द काढले तर उद्धटपणा. तोच पोरगा जपून बोलायला लागला की स्वतःला 'फोम' म्हणतो. म्हणजे खाली एकच शब्द दिसत असतो आणि वर 'काय रं' पासून 'अहो' पर्यंतचा सगळा प्रवास चालू असतो. थाई येत नसेना का, हे चार-पाच शब्द कानाला ओळखीचे करून घ्या. आपल्याकडच्या माणसाला हे अवघड नाही. घरात मराठी, दुकानात कानडी, समोरचा 'नीनु' (तू) म्हणाला की 'नीवु' (तुम्ही) ह्यावरून त्याचा रोख ओळखायची सवय आपल्याला लहानपणापासून असते.

सगळ्यात अडलं ते 'फी'पाशी. थाईत वयानं मोठ्या कोणालाही 'फी' म्हणतात, भाऊ असो, बहीण असो, कॉलेजातला सीनियर असो. लहान तो 'नोंग'. इंग्रजीत नावाआधी नुसतं 'पी' लिहून मोकळे होतात. 2016 च्या 'सोटस' ह्या थाई मालिकेत पहिल्या वर्षाचा कोंगपोब तिसऱ्या वर्षाच्या आर्थितला 'फी आर्थित' म्हणतो. मी सरळ सांगितलं, "आर्थितदादा." आईनं हातातली वाटी खाली ठेवली. "दादा म्हणालाय नव्हं? मग प्रेम कसं करालाय?" मी 'अण्णा' करून बघितलं, तेही भावावरच गेलं. 'सर' म्हटलं तर शाळा वाटायला लागली. 'अहो' म्हटलं तर लग्न आधीच होऊन गेल्यासारखं. तीन दिवस मी अडखळत होते. शेवटी आईच म्हणाली, "री म्हण की."

री! आमच्याकडं कानडीत पोस्टमनला री, डॉक्टरला री, आणि बायको नवऱ्याला हाक मारते तीही 'री'च. मान आहे, नातं बांधलेलं नाही, आणि प्रेमाला जागा आहे. 'आर्थित री, जेवलात काय?' एवढं म्हटलं आणि दोघांतलं अंतर आणि ओढ दोन्ही आईला कळलं. तुमच्या घरात कानडी चालत नसेल तर 'फी' तसाच ठेवा आणि एकदा अर्थ सांगा. 'दादा' मात्र करू नका.

वाक्याच्या शेवटाचे शब्दही सोडू नका. पुरुष अदबीनं बोलताना शेवटी 'खप' जोडतात, तिथं मी पुन्हा 'री'कडे जाते. आणि विनवणीचं 'ना' आहे, ते कानाला आपल्या 'ना'सारखंच लागतं आणि कामही जवळपास तेच करतं. मी त्याला आपली 'की' वापरते: 'थांब की', 'बस की जरा'. इंग्रजीत तिथं नुसता हुकूम उरतो. हुकूम आणि आर्जव ह्यांतला फरक गेला तर प्रेमकथेत उरलं काय?

कुठं गप्प बसायचं हेही ठरवा. 2021 च्या 'अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स'मध्ये तियान ह्या बँकॉकच्या श्रीमंत मुलाला अपघातात गेलेल्या तोरफुन नावाच्या शिक्षिकेचं हृदय बसवलेलं असतं. तिची रोजनिशी वाचून तो तिच्याच डोंगरातल्या गावात शिकवायला जातो, आणि तिथं वनरक्षक फूफा भेटतो. पहिल्या भागात खूप सांगावं लागतं, नाहीतर हृदयाचा घोटाळा होतो. पुढं ते दोघं डोंगरावर नुसते शेजारी बसतात तेव्हा एक शब्दही बोलू नका. ह्याच दिग्दर्शकाच्या 'बॅड बडी'त, पाचव्या भागात गच्चीवर पात आणि प्रान एकमेकांच्या जवळ येतात, तिथंही मी तोंड मिटून बसले. आणि चुंबन आलं म्हणून पुढं ढकलू नका. नायक-नायिकेचं ढकलत नाही, मग ह्यांचंच का?

'बॅड बडी' आमच्या भागात हमखास चालेल असं मला वाटतं. शेजारी-शेजारी दोन घरं, आईबाप एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पोरांना वैर वारशानं मिळालेलं. आईला एक अक्षरही समजावावं लागलं नाही. यूट्यूबवर तिचे भाग चार-चार तुकड्यांत आहेत ते सांगणाऱ्याला फार सोयीचं. तुकडा संपला की पाणी प्यायचं, प्रश्न घ्यायचे, लाइट गेली तरी कुठवर आलो होतो ते लक्षात राहतं.

काही मालिका मी आईला दाखवत नाही. झोपलेल्या किंवा प्यायलेल्या माणसाच्या अंगाला हात लावायचा आणि त्याला प्रेम म्हणायचं, हे जुन्या काही थाई मालिकांत आहे, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. जिथं प्रत्येक बाई कारस्थानीच असते, त्याही नाहीत. चीनची 2019 ची 'द अनटेम्ड' मला प्रिय आहे, पण तिथल्या सेन्सॉरमुळे प्रेम उघड बोलताच येत नाही, सगळं नजरेत. त्यात 50 भाग आणि प्रत्येकाला दोन-तीन नावं. तोंडी सांगायला ती शेवटी घ्या.

एका रात्री आईनं विचारलं, "तिकडं ह्यांचं लगीन होतंय काय?" हे प्रश्न टाळू नका, तारखा वहीत असू द्या. तैवानमध्ये मे 2019 पासून होतं. थायलंडमध्ये 23 जानेवारी 2025 पासून. आपल्याकडं 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं असं नातं हा गुन्हा नाही म्हटलं, पण लग्नाचा हक्क 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात दिला नाही. आईनं सगळं ऐकलं आणि केंजीचं विचारलं, "मग तो शिरोच्या घरला गेलाय काय कधी?" गेलाय, म्हटलं, शेवटच्या भागात, नववर्षाला, त्याच्या आईबापाला भेटायला. तो भाग त्याच रात्री पुन्हा लावला. केंजी परतीच्या वाटेवर रडायला लागला तेव्हा मी काहीच सांगितलं नाही. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जाताना तेच्या हातात काय दिलं की न्हाई कुणी? मी असते तर पावशेर कुंदा बांधून दिला असता."