स्वयंचलित अवकलनाच्या प्रोग्राममध्ये पूर्णांक कसा काढावा

अमळनेर-पारोळ्याकडील शेततळ्याच्या पाण्याचा हिशेब संगणकावर मांडताना खोली दशांशात येते, तक्त्यातील ओळ मात्र पूर्णांकानेच शोधावी लागते. स्वयंचलित अवकलनात, म्हणजे हिशेबाबरोबरच अवकलज (एक राशी बदलली की दुसरी किती दराने बदलते ते) संगणकाकडून काढून घेण्याच्या पद्धतीत, प्रत्येक संख्येबरोबर तिच्या अवकलजाची माहिती चालत असते आणि पूर्णांकाला ती वाहून नेता येत नाही, म्हणून हे रूपांतर जपून करावे.

प्रथम पूर्णांक कशासाठी हवा आहे, ते ठरवावे. ओळ क्रमांक किंवा फेऱ्यांची संख्या एवढ्यापुरताच तो घ्यावा. मूळ चल तसाच राहू द्यावा.

समजा, तळ्यात २ मीटर खोलीला ८००, ३ मीटरला १,३५० आणि ४ मीटरला २,००० घनमीटर पाणी असते. खोली २.६ असेल तर ओळ क्रमांक २, म्हणजे २ मीटरची ओळ, मिळतो. आता उरलेला ०.६ मूळ चलातूनच २ वजा करून काढावा. म्हणजे साठा ८०० + ०.६ × ५५० = १,१३० घनमीटर येतो आणि मीटरमागे ५५० घनमीटर हा अवकलजही हाती लागतो. तोच ०.६ अवकलजाची माहिती गाळलेल्या साध्या संख्येवरून काढला, तर साठा बरोबर येतो, पण अवकलज शून्य होतो. उत्तर बरोबर दिसत असल्यामुळे ही चूक लवकर लक्षात येत नाही.

सी प्लस प्लसमधील सीपीपीएडी या लायब्ररीत रूपांतरासाठी ‘इंटिजर’ हे फंक्शन आहे. ते अपूर्णांक शून्याच्या दिशेने छाटते, त्यामुळे −०.३ चे ० होते, −१ नव्हे. पायटॉर्च या पायथनमधील लायब्ररीत पूर्णांक प्रकारच्या टेन्सरला (संख्यांच्या मांडणीला) ग्रेडियंट, म्हणजे अवकलज, नसतो.

खरी मेख पुढे आहे. सीपीपीएडी गणिताच्या क्रिया टेपवर, म्हणजे पुन्हा चालवता येणाऱ्या यादीत, नोंदवते, पण पूर्णांकात रूपांतर केल्याची नोंद त्यात होत नाही. २.६ मीटरला नोंदवलेली टेप ३.४ मीटरसाठी चालवली, तर ओळ २ वरच अडकून राहते आणि १,६१० ऐवजी १,५७० घनमीटर उत्तर येते. ओळ बदलली की टेप नव्याने नोंदवावी.

शेवटी पडताळा घ्यावा. २.६ आणि २.६१ मीटरच्या साठ्यांतील फरक ५.५ आहे, त्याला ०.०१ ने भागल्यास ५५० यायला हवे. हा पडताळा नेमका ३ मीटरवर घेऊ नये, कारण तेथे डावीकडून ५५० आणि उजवीकडून ६५० येतात.