जर्मनीत बाळंतपण: कागदपत्रांची पूर्वतयारी

गर्भधारणा निश्चित होताच डॉक्टर ‘मुटरपास’ नावाची, गरोदरपणातील तपासण्यांच्या नोंदींची पुस्तिका देतात. ती बाहेर पडताना नेहमी सोबत ठेवावी. त्याच आठवड्यात ‘हेबामे’, म्हणजे सुईण, शोधायला लागावे, कारण प्रसूतीनंतर घरी येऊन बाळ-बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या या सुईणीचा खर्च सरकारी आरोग्यविमा उचलत असला, तरी मोठ्या शहरांत त्या लवकर मिळत नाहीत. नोकरदार आईला प्रसूतीपूर्वी 6 आणि नंतर साधारणपणे 8 आठवडे संरक्षित रजा मिळते.

खरी कसोटी जन्मनोंदणीची असते. जन्माची माहिती एका आठवड्यात नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते आणि बाळाचे नाव बहुधा रुग्णालयातच विचारले जाते, त्यामुळे बाराव्या दिवशीच्या बारशापर्यंत ते गुपित ठेवण्याची हौस बाजूला ठेवावी लागते. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लावण्याची आपली पद्धत तेथील अधिकाऱ्यांना अपरिचित असते. म्हणून आईवडिलांचे जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र आणि त्यांची अधिकृत अनुवादकाकडून करून घेतलेली जर्मन भाषांतरे सातव्या महिन्यापूर्वीच तयार ठेवावीत, आणि सर्व कागदांवरील स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरशः जुळवून पाहावे.

आईवडील दोघेही भारतीय नागरिक असतील आणि बाळाला जर्मन नागरिकत्व मिळत नसेल, तर भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत जन्म नोंदवून पासपोर्ट घ्यावा. बाळाच्या निवास परवान्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.