‘डेपनआपोस्ट्रोफ’ हा जर्मन शब्द कसा फोडायचा

जर्मन जोडशब्द नेहमी शेवटाकडून फोडायला घ्या. शेवटचे पद मुख्य, आणि लिंगही तेच ठरवते. इथे ते ‘आपोस्ट्रोफ’ आहे, म्हणजे अक्षर गाळल्याची खूण. ते पुल्लिंगी, म्हणून अख्खा शब्दही पुल्लिंगी: ‘डेअर डेपनआपोस्ट्रोफ’. त्याचे मूळ ग्रीक आहे, अर्थ ‘दुसरीकडे वळवलेला’. जर्मनमध्ये ते लॅटिनमार्गे आले.

आता पुढचे पद. ‘डेप’ म्हणजे मठ्ठ माणूस. हा दक्षिण जर्मनी-ऑस्ट्रियाकडचा शब्द असून त्याचे नाते बहुधा ‘टापन’ (चाचपडत चालणे) या क्रियापदाशी आहे. मधला ‘-एन’ पाहून हे अनेकवचनच, असे समजू नका. ‘डेप’ला कर्ता सोडून इतर विभक्तींत, एकवचनातही, ‘-एन’ लागतो. समासात तो फक्त सांधा असतो. एकूण अर्थ ‘मठ्ठांची खूण’, म्हणजे नको तिथे घातलेला आपोस्ट्रोफ. शब्द बोचरा आहे, तोंडावर वापरू नये.

ही खूण चुकते कुठे? इंग्रजीच्या सवयीने षष्ठीत ‘आना’स आउटो’ (आनाची गाडी) लिहिले जाते. बरोबर रूप ‘आनास आउटो’. अनेकवचनी ‘आउटो’स’ तर सरळ चूक. मात्र ‘हान्स’सारखे नाव मुळातच ‘स’ने संपत असेल, तर शेवटी खूण हवीच. शिवाय 2024च्या अधिकृत नियमांनुसार दुकानाच्या नावात ‘एफा’स ब्लुमेनलाडेन’ (एफाचे फुलांचे दुकान) चालते, पण ‘एफाचा चष्मा’ लिहिताना ती खूण अजूनही चालत नाही.

आणि हा शब्द सलग लिहा: मध्ये मोकळी जागा सोडली की दुसरी चूक होते, तिचे नाव ‘डेपनलेअरत्साइशन’.