बाळाविषयी माया दाटून येत नाहीये? या चुका टाळा

पहिलटकरणी एक प्रश्न अगदी हळू आवाजात विचारतात, कधीकधी नवऱ्यालाही न सांगता. बाळ हातात दिलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही, मी वाईट आई आहे का? नाहीये हो. ब्रिटनमधल्या रॉब्सन आणि कुमार या संशोधकांनी १९८० मध्ये आयांना हेच विचारलं होतं, तर पहिल्यांदा आई झालेल्यांपैकी साधारण ४० टक्के जणींनी सांगितलं की बाळ पहिल्यांदा जवळ घेतलं तेव्हा विशेष काही वाटलंच नाही. ज्यांच्या कळा फार त्रासाच्या गेल्या त्यांच्यात हे जास्त दिसलं, आणि बहुतेकींना आठवड्याभरात बाळाचा लळा लागला. पहिल्याच क्षणी डोळ्यात पाणी यायलाच पाहिजे ही अपेक्षा सिनेमा आणि रील्सनी लावून ठेवलीये, ती आधी काढून टाका.

माझं मत सांगते, माया कमी पडते असं क्वचितच होतं, बहुतेक वेळा आई आणि बाळाच्या मध्ये काहीतरी येऊन बसलेलं असतं. दुखणं, जागरण, पाहुणे, हॉस्पिटलची पद्धत, नाहीतर घरच्यांचं नको तिथलं प्रेम.

पहिला तास फोटोत घालवू नका

डिलिव्हरी झाली की बाळ पुसतात, वजन करतात, दुपट्यात गुंडाळतात आणि बाहेर नेऊन आजी, काका, मावशी सगळ्यांना दाखवतात, व्हिडिओ कॉलवर पुण्याचे-नाशिकचे पण बघतात, आणि जिने नऊ महिने पोटात वाढवलं तिचा नंबर सगळ्यात शेवटी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ८८.६ टक्के डिलिव्हरी दवाखान्यात झालेल्या दिसतात, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे अंतर दवाखान्याचं नाहीये, दवाखान्यातल्या सवयीचं आहे.

आठव्या-नवव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा की बाळ लगेच माझ्या छातीवर देणार ना. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट, आईच्या उघड्या छातीवर पालथं, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून दोघांवर चादर. आई गुंगीत असेल तर शेजारी कोणीतरी जागं माणूस बसलेलं हवंच, हे विसरू नका. आंघोळीची घाई नको, जागतिक आरोग्य संघटना २४ तास थांबा म्हणते. सिझर असेल तर ऑपरेशन थिएटरमध्ये निदान गालाला गाल लावून द्या म्हणावं, आणि आईची तब्येत बरी नसेल तर बाबाने शर्ट काढून बाळ छातीवर घ्यावं, बाळ उबेला राहतं आणि बाबाचीही ओळख होते.

आणि हा तास हुकला तर? हुकला. पहिल्या काही तासांतच नातं पक्कं होतं ही कल्पना सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या क्लॉस आणि केनेल या डॉक्टरांमुळे पसरली, तिच्यामुळे हॉस्पिटलं सुधारली हे खरं, पण माणसाचं नातं इतकं एका वेळेवर अडून नसतं हे पुढे त्यांनीही मान्य केलं. दुसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी, घरी गेल्यावर, कधीही बाळ अंगाला लावून बसा, त्याचा उपयोग होतोच.

"तू झोप, बाळाला आम्ही बघतो"

हे ऐकायला गोड आहे पण नीट बघा काय होतं. बाळ आजीच्या मांडीवर, मग आत्याच्या, मग शेजारच्या काकूंच्या, आंघोळ मालिशवाली घालते, शेक ती देते, आणि आईकडे बाळ येतं फक्त भुकेने रडायला लागल्यावर, आणि पोट भरलं की पुन्हा उचलून नेतात. म्हणजे तिच्या वाट्याला रडकं बाळ आणि बाकीच्यांच्या वाट्याला हसरं! मग ती म्हणते, हे माझ्याकडे असलं की रडतंच.

मदत करायचीच तर धुणं, भांडी, पाहुण्यांचा चहा, डिंकाचे लाडू यात करा. दिवसात एकदोनदा तिला सलग झोप मिळू द्या, ते वेगळं, ते लागतंच. पण बाळ जागं आणि शांत असतं ती वेळ आईला द्या. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला २०-३० सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर आईचा चेहरा असतो साधारण तितकंच अंतर, आणि आईचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ओळखतं. काय बोलायचं सुचत नसेल तर वरणाला फोडणी कशी घालतात ते सांगा, बाळाला चालतं.

सारखं उचलू नकोस, सवय लागेल, हे तर सोडूनच द्या. महिन्याभराच्या बाळाला नाटकं करता येत नाहीत. ते रडतं कारण काहीतरी हवंय.

दूध आणि माया यांची गल्लत

दर दोन तासांनी पाजताना जीव जाईल इतकं दुखत असेल तर बाळ जवळ आलं की अंगावर काटाच येणार, त्यात मायेचा काय दोष. बहुतेक वेळा बाळ नीट धरलेलं नसतं. त्याचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं, मान वळलेली नाही, तोंड मोठ्ठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला छातीकडे आणायचं, आपण वाकून छाती त्याच्या तोंडात कोंबायची नाही. नुसतं टोक नाही, भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे, हनुवटी टेकलेली. सिझरवाल्यांनी कुशीवर पडून किंवा उशी घेऊन बाळ काखेखाली धरून पाजावं, टाक्यांवर भार येत नाही. तरीही दुखलं तर नर्सला किंवा स्तनपान समुपदेशकाला समोर बसवून दाखवा, फोनवर हे कळत नाही.

पहिले दोन-तीन दिवस दूध थेंबभरच येतं, ते पिवळं चिकाचं दूध बाळाला तेवढंच पुरतं. लगेच दूध पुरत नाही म्हणून पावडरचा डबा आणू नका, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात चाटवू नका. पाचव्या दिवसानंतर दिवसरात्रीत सहा-सात वेळा शू होतेय आणि वजन वाढतंय ना एवढं बघा. आणि डॉक्टरांनी सांगितल्यामुळे वरचं दूध द्यावंच लागलं, तर ते कुशीत घेऊन, डोळ्यात बघत द्या. तशी हजारो बाळं आईला घट्ट बिलगलेली आहेत.

बाळ एनआयसीयूत आहे म्हणून लांब राहणं

एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, तिथल्या वायरी बघून आया घाबरतात, हात लावला तर काही होईल म्हणतात. उलट आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी बांधून ठेवायची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना जन्मल्यापासूनच ती करा म्हणते. कांगारू केअर कधी देता येईल, हे रोज विचारा. बाळाला अजून ओढून पिता येत नसेल तरी दूध काढून द्या, आणि तेही येत नसेल तर दुग्धपेढीची, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळतं त्या सोयीची, चौकशी करा, मुंबईत सायन हॉस्पिटलला ती १९८९ पासून आहे.

"परत मुलगीच का"

हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत ज्याने उच्चारलं त्याला बाहेर काढा, वय बघू नका. लेकीकडे बघताना आईला अपराधी वाटायला लागलं की माया कुठून फुटणार.

"बाळंतपणात होतंच असं" म्हणून सोडून देणं

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड, हे पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, तर दृष्ट काढत बसू नका, ते डिप्रेशन असू शकतं. भारतातले अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला अंदाज २२ टक्क्यांचा होता, म्हणजे पाचातली एक तरी. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायच्या एडिनबर्ग चाचणीचे दहाच प्रश्न असतात, लसीकरणाला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीतही बोलतात. पण तिला आवाज ऐकू येत असतील, भलतंच काही खरं वाटत असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार येत असतील तर तिला आणि बाळाला एकटं न सोडता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि ती अंगावर पाजतेय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यात चालणारी औषधं असतात, गोळ्या घेतल्या तर दूध तोडावं लागेल या भीतीने घरी बसू नका.