एमजीबी ट्रॅफिकमधे तापायची, शेवटी दोष फॅनच्या वायरीत निघाला

माझी १९७२ ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) आहे, १७९८ सीसी, इथे बर्मिंगहॅमला असतो मी. हायवेला तापमानाचा काटा बरोबर मधे, पण सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की चढतच जायचा. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर फ्लश केला, काही फरक नाही. आधीच्या मालकाने इंजिनवरचा मूळ पंखा काढून रेडिएटरच्या पुढे इलेक्ट्रिक फॅन लावलेला, आणि तो फिरत होता म्हणून तिकडे लक्षच गेलं नाही.

मग एकदा उभ्या गाडीत ग्रिलसमोर कागद धरला, तर तो आत ओढला जायच्या ऐवजी बाहेर उडाला! फॅन उलटा फिरत होता. वायरी उलट केल्या, पण हवा तरी कमीच, कारण पाती पण उलटी बसवलेली, पात्यांचा बाक एकाच दिशेला चांगलं काम करतो ना, म्हणून काढून पलटवली. शिवाय मोटरला जेमतेम साडेदहा व्होल्ट मिळत होते, सगळा करंट डॅशच्या बारीक वायरीतून. आता बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), डॅशचा स्विच फक्त रिले चालवतो. इंजिन चालू असताना तेरा व्होल्ट पोचतात.

परवा भर उन्हात वीस मिनिटं ट्रॅफिकमधे अडकलो, काटा चढला, फॅन लावला आणि खाली आला. इतका आनंद झाला काय सांगू. आणि हो, रेडिएटर आणि चौकटीतल्या फटींना फोमच्या पट्ट्या लावा, नाहीतर हवा बाजूने निसटते.