ज्वालामुखीची राख समुद्रात पडते तेव्हा: या चुका टाळा

पहिली घसरण शब्दापासूनच होते. राख म्हटलं की डोळ्यांपुढे चुलीतली राख येते, मऊ आणि भांडी घासायच्या कामाची. ज्वालामुखीची राख म्हणजे काच, खनिजं आणि खडक यांचा २ मिलिमीटरपेक्षा बारीक चुरा. चिमूटभर बोटांत चोळा, काचकागदासारखी खरखर लागेल. चुलीतली राख अल्कधर्मी असते. ही मात्र ताजी असताना बहुधा आम्लधर्मी, कारण उद्रेकाच्या ढगातले गंधक, क्लोरीन, फ्लोरीनचे वायू कणांवर आम्ल आणि क्षारांचं पातळ पुट चढवतात. राख पाण्यात पडताच झपाट्याने विरघळतं ते हेच पुट.

त्यामुळे पावसात भिजलेला नमुना चाचणीला घेतला की अर्धं उत्तर आधीच वाहून गेलेलं असतं. कोरडी राख गोळा करा. एक ग्रॅम राखेला २० मिलिलिटर डीआयोनाइज्ड (क्षारांचे आयन काढून टाकलेलं) पाणी आणि दुसऱ्या एक ग्रॅमला १०० मिलिलिटर, असे दोन अर्क करा. दोन्ही तासभर हलवून ०.४५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टरमधून गाळा. दोन प्रमाणं लागतात, कारण दाट मिश्रणात काही क्षार पुरते विरघळत नाहीत. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना लागणारं लोह मोजायचं असेल तर हा अर्क पुरत नाही, त्याच भागातलं गाळलेलं समुद्रपाणी वापरा. खुल्या समुद्रात विरघळलेलं लोह बहुतेक ठिकाणी लिटरला एका नॅनोमोलपेक्षाही (मोलचा अब्जावा भाग) कमी असतं. जहाजाच्या गंजाचा एक कण सगळं मोजमाप बिघडवतो, म्हणून बाटल्या प्लास्टिकच्या आणि आम्लाने धुतलेल्याच हव्यात.

‘राख म्हणजे समुद्राला खत’ हे वाक्य तर सर्रास लिहिलं जातं. ऑगस्ट २००८ मध्ये अलास्काच्या कासातोची ज्वालामुखीची राख ईशान्य पॅसिफिकवर पसरली आणि वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा, मोठा बहर आला. तिथे नायट्रेट हे पोषकद्रव्य भरपूर होतं, उन्हाळ्याचा प्रकाश होता, कमतरता होती ती लोहाची. २०१० मध्ये आइसलंडच्या एयाफ्यात्लायोकुत ज्वालामुखीच्या राखेनेही उत्तर अटलांटिकला लोह दिलं, पण नायट्रेट लवकर संपलं आणि परिणाम मर्यादित राहिला. निष्कर्ष काढण्याआधी नायट्रेटचा आकडा बघा, इतकं जरी पाळलं तरी निम्मे चुकीचे दावे गळून पडतील.

सगळ्यात फसवी चूक उपग्रहाच्या नकाशावर होते. बहर ओळखायला प्लवकांतल्या हरितद्रव्याचा अंदाज पाण्यातून परतणाऱ्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून बांधतात. पाण्यात तरंगणारी राखही हे गुणोत्तर बदलते आणि नकाशावर बहर ‘दिसतो’. १५ जानेवारी २०२२ च्या टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर यावर शास्त्रज्ञांत खरोखरच मतभेद झाले. काहींनी बहर मानला, काहींनी तो तरंगत्या राखेचा भास ठरवला. म्हणून लाल पट्ट्यातलं परावर्तन तपासा. तेही वाढलं असेल तर कणांचा संशय घ्या. मग हरितद्रव्याचं फ्लुरोसन्स (प्रकाश शोषून ते स्वतः सोडतं तो लाल उजेड) पाहा, आणि शक्य असेल तिथे पाण्याचा नमुना गाळून हरितद्रव्य प्रत्यक्ष मोजा.

राख किती वेळात तळाशी जाते हे काढताना एकट्या कणाचं गणित मांडू नका. १० मायक्रॉनचा कण शांत पाण्यात दिवसाला जेमतेम सहा-सात मीटर खाली जातो, म्हणजे ३,००० मीटरला वर्षाहून जास्त. प्रत्यक्षात १९९१ च्या फिलिपीन्समधल्या पिनाटुबो उद्रेकाची राख दक्षिण चीन समुद्राच्या खोलीतल्या, गाळ पकडायला लावलेल्या सापळ्यांत काही दिवसांतच पोचली. राखेने जड झालेलं पाणी लोटासारखं एकत्र खाली जातं आणि कण गुठळ्या होऊनही बुडतात.

प्युमिसला राखेत धरू नका. तो सच्छिद्र दगड तरंगतो. ऑगस्ट २०२१ च्या फुकुतोकू-ओकानोबा या जपानच्या समुद्राखालच्या ज्वालामुखीचा प्युमिस ऑक्टोबरात ओकिनावा बेटाला लागला आणि बंदरं भरून गेली. इंजिन थंड ठेवायला बोट समुद्राचंच पाणी ओढते, त्यात हे खडे अडकतात. तिथे राखेचे नियम लावून काही हाती लागत नाही.

शेवटी थराची जाडी. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला आणि कऱ्हाकाठी मोरगावला राखेचे थर सापडतात. त्यांचा संबंध सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीशी जोडतात. तो ७४,००० वर्षांपूर्वीचा महाउद्रेक की त्याआधीचा, यावर वाद आहे. हे थर बरेचसे नदीने वाहून आणून साठवलेले आहेत. आकाशातून एवढी राख पडली असं त्यांच्या जाडीवरून धरलं की हिशेब कितीतरी पट फुगतो. समुद्रतळातून नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यांतही हेच होतं, उतारावरून घसरलेला गाळ थर जाड करतो. थराच्या तळाची कड ठळक आहे का, कण वर बारीक होत जातात का आणि मध्ये इतर गाळ किंवा उथळ पाण्यातले शिंपले मिसळलेत का, हे भिंगाखाली पाहून मगच जाडी नोंदवा.